रॅम्प : १ नग

मध्य प्रदेशातल्या आमच्या धारचा राजा भोज लायसन्सच्या बाबतीत फार कडक होता. वास्तुशास्त्रावरचा 'समरांगणसूत्रधार' हा ८३ अध्यायांचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, अकराव्या शतकातला. इमारत उभी करणारा स्थपती कसा असावा, यावर त्यात एक अख्खा अध्याय खर्ची घातलाय. शास्त्राचा गंध नसताना नुसत्या तोऱ्यावर स्थपती म्हणून मिरवणाऱ्याचं काय करायचं, याबद्दल ग्रंथाच्या मनात कसलाही गोंधळ नाही. राजानं त्याला ठार मारावं. तेवढ्यावर प्रकरण मिटतही नाही. अकाली मेलेल्या त्या इसमाचं भूत पुढे या पृथ्वीतलावर भटकत राहील, अशी जोडनोंद आहे. धारच्या नव्या कॉलन्यांमधून रात्री उशिरा चालत गेलं, एकेक जिना आणि एकेक बाल्कनी बघितली, की एवढी भुतं राहतात तरी कुठे, असा प्रश्न पडतो.

स्वतंत्र भारत त्या मानानं दयाळू निघाला. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना ही बिरुदावली लावली, तर पहिल्या खेपेला दंड फार तर ५०० रुपये. देहदंडावरून पाचशे रुपयांवर यायला आपल्याला नऊशे वर्षं लागली. त्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं खुलासा केला की हा कायदा 'आर्किटेक्ट' हे नाव राखून ठेवतो, काम नाही. म्हणजे पाटी लावू नका, नकाशे खुशाल काढा. भुताबद्दल कायदा गप्प आहे.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या घरात आलेलं एक लायसन्स. माझा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, धारला वाढला, इंदूरला आर्किटेक्चर शिकला आणि टेक्सासात स्थिरावला. मध्यंतरी त्याचा फोन आला.

"मामा, पास झालो. स्टेटचं लायसन्स मिळालं."

"कसलं रे?"

"रजिस्टर्ड ॲक्सेसिबिलिटी स्पेशालिस्ट."

पवारांच्या घोड्यांमागून माळव्यात आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत लायसन्स दोनच माहीत: गाडीचं आणि बंदुकीचं. तिसरं दारूच्या ठेक्याचं असतं, पण तेवढा पैसा आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही. त्यामुळे हे चौथं लायसन्स लोकांना समजावता समजावता ताईची दमछाक झाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिनं आधी खरं ते सांगून पाहिलं.

"इमारतीत अपंग माणसाला जाता-येता येतं की नाही, ते तो बघतो."

"म्हणजे रॅम्प मोजतो?"

"रॅम्प, दारं, संडास, सगळंच."

"अगंबाई, आणि एवढ्यासाठी अमेरिकेला गेला?"

पुढच्या घरी जाईपर्यंत ताईनं वाक्य दुरुस्त केलं. "तो इमारतींना पास-नापास करतो." तेव्हापासून त्याची प्रतिष्ठा सावरली. आपल्याकडे माणूस काय करतो याला महत्त्व नाही. तो कुणाला अडवू शकतो, यावर त्याची किंमत ठरते.

आणि अडवू शकतो हे खरंच आहे. टेक्सासात बांधकामाचा किंवा फेरबदलाचा अंदाजे खर्च ५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर सार्वजनिक वापराच्या इमारतीची नोंद राज्याच्या लायसन्स खात्याकडे करावी लागते. नकाशे या लायसन्सवाल्याकडून तपासून घ्यायचे. बांधून झाल्यावर वर्षाच्या आत त्यानं पुन्हा येऊन टेप लावायची. दरवाजाची मूठ किती उंचीवर, बेसिनखाली गुडघे जातात का, आरसा कुणाच्या डोळ्यांसाठी लावलाय, उतार किती. चुकलं असेल तर मालकाला पत्र जातं आणि दुरुस्ती करावी लागते. भाचा सांगत होता, एका हॉटेलात टॉवेल अडकवायची दांडी थोडी वर गेली म्हणून त्यानं शेरा मारला. ताईला हे फार आवडलं. तिच्या सासूबाईंनी हेच काम आयुष्यभर बिनलायसन्स केलं होतं.

आता प्रश्न असा की असं लायसन्स आपल्याकडे मिळतं का? मिळत नाही. आपल्याकडे 'ॲक्सेस ऑडिटर' असतात. सरकार त्यांची यादी करतं आणि इमारती तपासून घेतं. लायसन्सचा मात्र पत्ता नाही. बाकी सगळं आहे. कायदा तर इतका आहे की वाचताना धाप लागावी. १९९५ साली अपंगांसाठी एक कायदा झाला. ३ डिसेंबर २०१५ ला, जागतिक दिव्यांग दिनी, सुगम्य भारत अभियान सुरू झालं. २०१६ साली नवा कायदा आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले. त्याचं ४४ वं कलम म्हणतं, नियमांप्रमाणे नसेल तर नकाशाला मंजुरी देऊ नका आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नका. ४५ वं म्हणतं, आहेत त्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करा. नियम जून २०१७ ला जाहीर झाले. म्हणजे जून २०२२ पर्यंत देशातली प्रत्येक सार्वजनिक इमारत सुगम झालेली आहे. वाचकांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नसेल, तर त्यांनी जरा बारकाईनं बघावं.

कायदा मोडल्यास पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख. राजा भोजाइतकं नाही, पण पाचशे रुपयांपेक्षा बरं. फक्त एक छोटीशी अडचण निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सुप्रीम कोर्टानं दाखवून दिलं की कायदा सक्तीचा आहे, पण त्याखालच्या पंधराव्या नियमानं ज्या मापांचा हवाला दिलाय ती 'मार्गदर्शक तत्त्वं' आहेत. म्हणजे कायदा दरडावतो आणि नियम विनंती करतो. कोर्टानं तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला तीन महिन्यांत सक्तीची मापं ठरवायला सांगितलं. ही याचिका २००५ सालची. दृष्टिहीन माणसाला रस्त्यानं, इमारतीत सुरक्षित जाता यावं, एवढंच मागणं. त्याचा उतार १९ वर्षं लांब निघाला.

देशाची कायद्यात अशी तयारी असताना भाचा सुट्टीवर आला आणि माझ्याकडे गंधवानीला उतरला. गंधवानी ही धार जिल्ह्यातली तहसील. माळव्याचं पठार संपून निमाडाकडे उतरण लागते, त्या डोंगराळ मुलखात वसलेली. भिल्ल-भिलाल्यांची वस्ती, होळीच्या आधी भगोरियाचा हाट, मका, कापूस आणि भरपूर चढउतार. निसर्गानं इथं सगळीकडे उतार फुकट करून ठेवलाय. सपाट जागा शोधून, तिच्यावर जोतं चढवून, जोत्याला पायऱ्या करायच्या, हे काम तेवढं माणसानं केलं.

भाच्याच्या खिशात टेप होती आणि मोबाइलमध्ये पाणसळ. हल्ली मोबाइल कशालाही टेकवला की उतार सांगतो. मी त्याला एका इमारतीकडे नेलं. कोणतं खातं, कोणता रस्ता, हे सांगत नाही. मला गावात राहायचंय. इमारतीला सहा पायऱ्या. शेजारी रॅम्प. रॅम्पला चकचकीत स्टीलचा कठडा, पायथ्याशी निळ्या पाटीवर चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र. लांबून बघितलं तर कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. जवळून बघितल्यावर भाच्याच्या आलं.

पायरी १५ सेंटिमीटरची, म्हणजे सहा पायऱ्या ९० सेंटिमीटर. सरकारी मापातला एकास बाराचा उतार, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, धरला तर रॅम्प पावणेअकरा मीटरच्या पुढे जातो, सुमारे साडेपस्तीस फूट. हा होता नऊ फूट. म्हणजे एकास तीन. वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, तीही पांढरी, नुकतीच पुसलेली. माथ्यावर वळायला दीड मीटर मोकळी जागा हवी, तिथं थेट दार, दाराला दोन इंच उंबरा, आणि दार उघडतं बाहेर. म्हणजे समजा एखादा गडी खुर्ची ढकलत वर पोचलाच, तर दार त्याला परत खाली पाठवणार. पायथ्याशी दोन मोटारसायकली लावलेल्या होत्या. शाळा सुटलेली चार पोरं दप्तरावर बसून रॅम्पवरून घसरत खाली येत होती. त्या रॅम्पचा नियमित आणि मनापासून वापर करणारे तेवढेच.

आतून एक बाबू आले. टेप बघितल्यावर आपल्याकडे माणूस आधी नम्र होतो.

"साब, कहाँ से आए?"

"टेक्सास से."

बाबूंनी ते टॅक्स ऑफिस ऐकलं असावं. खुर्ची आली, चहा आला. भाच्यानं विचारलं, हा रॅम्प असा कसा? बाबू म्हणाले, "एस्टिमेट में था, साब." त्यांनी फाइल काढली. त्यांचं खरंच होतं. खिडक्या इतके नग, पंखे इतके नग, आणि त्याखाली: रॅम्प, १ नग. लांबी नाही, रुंदी नाही, उतार नाही. ठेकेदारानं नग मोजून दिला. हापशापर्यंत जागा होती, तिथं तो संपवला.

"और यह टॉयलेट?" भाच्यानं पुन्हा तशाच एका निळ्या पाटीकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते मीटिंगला धारला गेले होते. फटीतून जुन्या खुर्च्या, बॅनरचे गुंडाळे आणि बंद पडलेला कूलर एवढं दिसत होतं. त्या कूलरला मात्र आत जायला अडचण आलेली नव्हती. दार चांगलं ९०० मिलिमीटरचं होतं. भाच्यानं नोंद केली: दार, पास.

"कोणी तक्रार नाही का केली?" त्यानं विचारलं.

"व्हीलचेअरवाला कोई आता ही नहीं साब," बाबू म्हणाले. "आए तो बताए."

हे वाक्य भाच्यानं वहीत उतरवून घेतलं. टेक्सासच्या परीक्षेत ते नव्हतं म्हणाला.

आपल्या मुलखात रॅम्प ही कल्पना नवी आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. मांडू आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या हिंडोला महालाला जोडून एक चढण आहे, तिला 'हाथी चढाव' म्हणतात. सुलतानाला हत्तीवरून न उतरता थेट वरच्या मजल्यावर जाता यावं म्हणून ती केली, असं गाइड सांगतो. ती चढण बघता हत्तीपेक्षा पालखीच जाईल असं वाटतं, पण मुद्दा तोच. सुलतानाचे पाय धडधाकट होते. त्याला ते वापरायचे नव्हते. त्याच्यासाठी पाच-सहाशे वर्षांपूर्वी उतार झाला.

ती परंपरा आपण मोडलेली नाही. कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं सरकारी ऑफिस बघा. पुढे पोर्च असतो. पोर्चला एका बाजूनं चढण, दुसऱ्या बाजूनं उतरण, दोन्ही इतक्या सावकाश की साहेबांच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळू नये. तो उतार कशासाठी? गाडीसाठी. गाडी चढून वर येते, साहेब उतरतात, आणि ज्या माणसाला चढता येत नाही तो रस्त्याच्या कडेनं पायऱ्यांसमोर उभा असतो. इंजिनिअरला रॅम्प करता येत नाही हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही. चाकं इंजिनला जोडलेली असली की त्याला सगळं येतं.

देवासला वेगळी गंमत.   तिथं टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला पायऱ्या आहेत, चढणीची रपटही आहे आणि आता रोपवेही. देवीचा भक्त म्हातारा होतो, त्याचे गुडघे दुखतात, हे देवस्थानाला समजतं. ऑफिसात येणारा म्हातारा होतो हे ऑफिसला समजायचंय. तिथं तो फक्त 'आवेदक' असतो, आणि आवेदकाला गुडघे नसतात.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला खऱ्या तज्ज्ञाकडे नेलं. बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी चालवणारा एक जण आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून हातानं फिरवायची ट्रायसिकल. गावातला प्रत्येक चढ त्याच्या दंडांना पाठ. भाच्यानं त्याला आपलं लायसन्स मोबाइलवर दाखवलं. त्यानं ते नीट बघितलं आणि विचारलं, "इससे सरकारी काम रुकवा सकते हो?"

"टेक्सासात हो."

"यहाँ?"

"यहाँ नहीं."

"फिर मेरा वाला अच्छा है," तो म्हणाला आणि त्यानं आपलं अपंगत्वाचं सर्टिफिकेट दाखवलं. "इससे बस में किराया तो कम लगता है."

मग त्यानं आम्हाला रॅम्पचे प्रकार सांगितले. पहिला 'फोटूवाला'. हा फोटो 'अपलोड' होईपर्यंत असतो, नंतर त्यावर कुंड्या येतात. आदल्या दिवशी बघितलेला तो या जातीचा. दुसरा 'चुनाववाला'. मतदान केंद्राला रॅम्प असलाच पाहिजे असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, त्यामुळे मतदानाच्या आदल्या रात्री फळ्या, मुरूम, काय मिळेल ते टाकून हा तयार होतो. त्या दिवशी व्हीलचेअर येते, ढकलायला पोरगा येतो, बोटाला शाई लागते. निकालापर्यंत फळ्या परत गेलेल्या असतात. हल्ली तर ८५ वर्षांवरच्यांचं आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांचं मत मागणी केली तर घरी येऊन घेतात. "वोट लेने घर तक आ जाते हैं," तो म्हणाला, "पेंशन लेने मुझे पहले माले पर जाना पड़ता है." तिसरा 'गाडीवाला', तो पोर्चचा.

"आणि चांगला रॅम्प गावात एकही नाही?" भाच्यानं विचारलं.

"है ना." त्यानं ट्रायसिकल वळवली आणि आम्हाला धान्याच्या एका गोदामाकडे घेऊन गेला. गोदामाला ओटा, ओट्याला उतार. भाच्यानं मोबाइल टेकवला. एकास बारा, अगदी काट्यावर. पृष्ठभाग खरबरीत, कोब्याला आडव्या रेघा ओढलेल्या. रुंदी ऐसपैस. वर वळायला जागा. उंबरा नाही, दार बाजूला सरकणारं. भाचा गुडघ्यावर बसून त्या कोब्यावरून हात फिरवायला लागला. ह्यूस्टनमध्येसुद्धा असं काम सहज मिळत नाही म्हणाला.

आत गादीवर शेठ बसले होते. त्यांना विचारलं, हा कुणाच्या सल्ल्यानं केला? शेठना सल्ला हा शब्दच लागला. "काय सल्ला? हमाल हातगाडीवर चार-चार बोरी आणतो. चढ जास्त झाला की बोरी खाली. एक फाटली की मका नालीत. माझं नुकसान. तीनदा तोडून केला." आणि त्या ट्रायसिकलवाल्याकडे बघून म्हणाले, "अरे तू बाहर क्यों खड़ा है, अंदर आ." तो सरळ आत गेला. कुणी ढकललं नाही, कुणी उचललं नाही, कुणाचा फोटो काढला गेला नाही.

गंधवानीतला सगळ्यात सुगम रॅम्प मक्याच्या पोत्यासाठी झालेला आहे. कारण पोतं पडलं तर नुकसान कुणाचं, हे नक्की आहे. माणूस पडला तर ते नक्की नाही. टेक्सासात या लायसन्सनं केलं ते एवढंच: चुकीच्या रॅम्पचं नुकसान कुणाचं, हे ठरवून टाकलं. तिथला मालक काही संत नाही. पुन्हा तोडून बांधायला लावतील, म्हणून पहिल्यांदाच बारानं गुणतो. राजा भोजाचा देहदंड त्याच हिशेबातला होता, फक्त दर जरा चढा होता.

तेव्हा आपल्या राज्यानंही असं लायसन्स काढावं, या मताला मी आलोय. अभ्यासक्रम बाहेरून आणायची गरज नाही. भोजाच्या ग्रंथात स्थपतीला चार गोष्टी लागतात: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. नुसतं शास्त्र येणारा ऐन कामाच्या वेळी घाबरून बसतो आणि नुसतं काम येणाऱ्याला कुणीही भलतीकडे नेतं, असं ग्रंथ बजावतो. सरळ चार पेपर ठेवावेत.

शास्त्राचा पेपर सोपा. २०२१ ची सरकारी मापं पाठ करायची: उतार एकास बारा, दार ९०० मिलिमीटर, वळायला १५०० मिलिमीटर. कर्माचा पेपर म्हणजे प्रात्यक्षिक. उमेदवारानं चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत परीक्षा केंद्रावर यायचं. जो वेळेवर पोचेल तो नापास, कारण त्याला नक्की कुणीतरी उचलून आणलेलं असणार. जो पोचणारच नाही आणि का पोचला नाही याचं मापासकट वर्णन लिहून पाठवील, तो पास. प्रज्ञेच्या पेपरात एकच प्रश्न: "रॅम्प, १ नग" या नोंदीतल्या चुका सांगा. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या पट्ट्या थेट विजेच्या खांबावर का नेल्या, हा प्रश्न ऐच्छिक; त्याचं उत्तर अजून कुणाला आलेलं नाही. शीलाचा पेपर पर्यायी उत्तरांचा. दिवाळीत ठेकेदार मिठाईचा डबा घेऊन आला आणि डबा मिठाईच्या मानानं हलका लागला, तर काय कराल? अ) परत द्याल, ब) उघडून बघाल, क) वरिष्ठांकडे पाठवाल.

परीक्षा घेण्याचा आमच्या मध्य प्रदेशाला दांडगा अनुभव आहे. व्यापम या आमच्या परीक्षा मंडळाचं नाव २०१३ साली देशभर झालं आणि २०१५ साली सुप्रीम कोर्टानं घोटाळ्याचा तपास सीबीआयकडे दिला, तो उगाच नाही. फॉर्म एकाचा, पेपर लिहिणारा दुसरा, अशी आमची रीत. या एका परीक्षेत मात्र ती चालवून घ्यावी. फॉर्म इंजिनिअरनं भरावा आणि पेपर ट्रायसिकलवाल्याला लिहू द्यावा. पहिल्यांदाच बरोबर माणसाला लायसन्स मिळेल.

गोदामातून परतताना वाटेत हाट भरलेला होता. भाचा थबकून बघत राहिला. जमिनीवर कांदे, जमिनीवर बांगड्या, जमिनीवर कोंबड्या, जमिनीवरच विकणारी आणि जमिनीवरच घेणारा. एक पायरी नाही, एक उंबरा नाही. लाठी टेकणारी म्हातारी, कडेवरच्या पोराची आई, ट्रायसिकल, सायकल, बकरी, सगळी एका पातळीवर. या बाजाराचा आराखडा कुणी काढला, असं त्यानं विचारलं. कुणी नाही, म्हणून तर, असं मी सांगितलं. आता तिथं पंचायतीचं पक्कं मार्केट व्हावं अशी मागणी आहे. झालं की तीन फुटांचं जोतं येईल आणि एस्टिमेटमध्ये रॅम्प, १ नग.

भाचा परत गेला. जाताना म्हणाला, लायसन्स मिळवायला सोपं होतं मामा, ते वापरायला राज्य लागतं. मला ते पटलं. २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यात गुडघे गेलेले म्हातारे, पाय मोडलेले तरुण आणि सातव्या महिन्यातल्या बायका धरलेल्या नाहीत. म्हणजे आज ना उद्या रॅम्प लागणार नाही असा वाचक मला तरी माहीत नाही.

तोवर लायसन्सची वाट बघत बसू नका. घर बांधत असाल, दुकान काढत असाल, देवळाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या समितीवर असाल, तर दोनच गोष्टी करा. जोत्याची उंची मोजा आणि बारानं गुणा. तेवढी जागा नसेल तर जोतंच खाली आणा. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कुणाच्याही मदतीशिवाय वर जाऊन, दार उघडून, संडास वापरून परत खाली आला, की मगच तो द्या.